निंबोळीचे तेल आणि म्युनिकचा निवाडा

कडुनिंबाचे गुण कोणी सांगू लागले की आपल्याकडे ऐकणारा अर्ध्यावरच मान डोलावतो. गोवर-कांजिण्यांतून उठलेल्या मुलाला कडुनिंबाचा पाला टाकलेल्या पाण्याने न्हाऊ घालावे, तांदळाच्या कणगीत सुकलेला पाला ठेवावा, दातवणासाठी कोवळी काडी मोडावी, हे धर्म वा जात न विचारता सर्वच घरांतून चालत आले आहे. त्यामुळे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'अमेरिकेने आपल्या कडुनिंबाचे पेटंट घेतले' अशी बातमी पसरली तेव्हा प्रत्येकाला ती आपल्या अंगणातली चोरी वाटली. राग येणे स्वाभाविक होते. परंतु रागाच्या भरात मूळ प्रकरण काय आहे हे फार थोड्यांनी पाहिले. ज्या पेटंटावरून युरोपात दहा वर्षे वाद चालला ते झाडाचे नव्हते, पाल्याचे नव्हते, औषधाचेही नव्हते. पिकांवरील बुरशी निंबोळीच्या तेलाने आवरण्याच्या एका पद्धतीचे ते पेटंट होते. आणि ते रद्द झाले त्यात पुणे व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील शेतांचा मोठा वाटा होता. ती हकीकत आता सविस्तर सांगण्याजोगी आहे.

बुरशी हा शेतकऱ्याचा जुना वैरी आहे. पण तो वैरी आहे हे माणसाला कळले मात्र फार उशिरा. काकडी-दुधीच्या पानांवर पीठ भुरभुरावे तशी येणारी भुरी, पानाच्या खालच्या अंगाने लागणारा केवडा, मिरची-टोमॅटोचा करपा, वालघेवड्याचा तांबेरा, रोपे उभ्या उभ्या माना टाकतात ती मर, ह्या साऱ्यांना आपल्या माणसांनी नावे दिली, परंतु कारण म्हणून ढगाळ हवा, धुके, दव ह्यांनाच दोष दिला. युरोपातही तेच होते. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक शेतातच कुजले आणि त्यापाठोपाठ आलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. त्यांत बहुसंख्य गरीब कॅथलिक कुळे होती. तेव्हाच्या विद्वानांचे मत असे होते की झाड आधी सडते आणि सडल्यावर त्याच्यावर बुरशी येते. ह्याच्या उलट, बुरशीमुळेच झाड सडते, असे १८४६ साली ठामपणे लिहिणारा गृहस्थ होता रेव्हरंड माइल्स बर्कली. इंग्लंडमधील खेड्यांत सेवा करणारा हा अँग्लिकन धर्मगुरू फावल्या वेळात सूक्ष्मदर्शकातून बुरशी पाहत असे. त्याचे म्हणणे पुरते मान्य व्हायला पुढे जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी ह्यांचे १८६० नंतरचे प्रयोग व्हावे लागले. (आपल्या पेशातल्या माणसाने सवडीचा असा उपयोग केलेला पाहून बरे वाटते, पंथ कोणताही असो.)

रोगाचे कारण कळल्यावर उपायाचा शोध सुरू झाला. पण पहिला मोठा उपाय वनस्पतीतून आला नाही, तो धातूतून आला. फ्रान्सच्या मेदोक भागात रस्त्याकडेची द्राक्षे चोरीला जाऊ नयेत म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद व चुना ह्यांचे निळसर मिश्रण शिंपडत. १८८२ साली प्राध्यापक मियार्दे ह्यांच्या लक्षात आले की नेमक्या त्याच वेलींना केवडा लागलेला नाही. १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि 'बोर्डो मिश्रण' जगभर गेले. आपल्याकडील मळ्यांतूनही ते आजवर वापरले जाते. पुढे १९३४ पासून गंधकयुक्त कृत्रिम बुरशीनाशके आली, १९६२ च्या सुमारास मॅन्कोझेब आले, आणि वनस्पतींचे काढे-अर्क हा विषय म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींत जमा झाला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ह्या विषयावर बोलताना पुष्कळांचा तोल जातो. 'हे सर्व आपल्या पूर्वजांना ठाऊक होते' असे म्हटले की टाळ्या मिळतात. सुमारे हजार वर्षांपूर्वीचा सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' हा ग्रंथ मोठा कुतूहलाचा आहे. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती, वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. यशवंत नेने ह्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संस्थेने नलिनी साधले ह्यांचे इंग्रजी भाषांतर १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. झाडांनाही वात, पित्त व कफ ह्यांचे विकार होतात असे सुरपाल मानतो आणि त्यांवर निरनिराळे काढे, लेप व धुऱ्या सांगतो. त्या धुऱ्या-लेपांचा काही गुण येतही असेल. परंतु बुरशी नावाचा वेगळा सजीव झाडाला खातो ही कल्पना त्या ग्रंथात नाही, आणि ती तेव्हा जगात कोठेच नव्हती.

युरोपियनांनी आपल्या वनस्पतींवर लिहिले तेव्हाही कडुनिंबाची नोंद झाली ती औषध म्हणून. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात 'निंब' आहे. (मरणानंतर १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली, हेही आपण विसरू नये.) डच अधिकारी व्हान ऱ्हीड ह्याने १६७८ ते १६९३ ह्या काळात बारा खंडांत काढलेल्या 'होर्तुस मलाबारिकुस'मध्ये कडुनिंब 'आर्य वेप्पू' ह्या मलबारी नावाने येतो. त्या ग्रंथाच्या आरंभीच्या कामात फादर मॅथ्यू हे कार्मेलाइट संन्यासी होते, आणि रंग भट, विनायक पंडित व आपु भट ह्या तीन वैद्यांनी नागरी लिपीतील कोकणीत दिलेला दाखला त्यात छापलेला आहे. म्हणजे चार शतके कडुनिंब युरोपच्या कागदावर होता. तरीही पिकावरच्या बुरशीसाठी त्याचा वापर त्या कागदांत शोधून सापडणार नाही. पुढे म्युनिकला जे घडले ते समजण्यासाठी हा मुद्दा ध्यानात ठेवावा लागतो.

आधुनिक शास्त्र कडुनिंबाकडे वळले ते किडींमुळे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा सारे हिरवे खाऊन फस्त झाले, फक्त कडुनिंबाची झाडे उभी राहिली, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुट्टरर ह्यांनी पाहिले. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकांवर फवारून टोळ त्यांना तोंड लावीत नाहीत हे दाखवून दिले. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये कील विद्यापीठात त्या गुणामागचे मुख्य द्रव्य वेगळे काढले गेले. त्याचे नाव 'अझाडिरॅक्टिन'. मग व्यापार आला. रॉबर्ट लार्सन ह्या अमेरिकन लाकूड व्यापाऱ्याने १९७१ पासून निंबोळ्या आपल्या देशात नेल्या, त्यांपासून तयार केलेल्या कीडनाशकाला १९८५ मध्ये सरकारी परवाना मिळविला आणि १९८८ मध्ये आपले हक्क डब्ल्यू. आर. ग्रेस ह्या मोठ्या रसायन कंपनीला विकले.

आता तेलाकडे येऊ. निंबोळीचा गर हेक्झेनसारख्या, पाण्यात न मिसळणाऱ्या विद्रावकात भिजविला तर तेल त्यात उतरते, पण अझाडिरॅक्टिन बहुतांशी चोथ्यातच राहते. ते काढायला मग मद्यार्कासारखे दुसरे विद्रावक लागते. कीडनाशक बनविणाऱ्याला हवे असते ते दुसऱ्या टप्प्यातले द्रव्य. पहिल्या टप्प्यातले तेल त्याच्या दृष्टीने दुय्यम. अमेरिकेच्या शेतीखात्यातील जेम्स लॉक व हायरम लॅर्यू आणि ग्रेस कंपनीचे जेम्स वॉल्टर ह्यांनी ह्या दुय्यम तेलावरच काम केले. अझाडिरॅक्टिन जवळजवळ नसलेले हे तेल पानांवर फवारले तर बुरशीला आळा बसतो, असा त्यांचा दावा होता. २६ डिसेंबर १९८९ रोजी अमेरिकेत आणि २० डिसेंबर १९९० रोजी युरोपीय पेटंट कार्यालयात त्यांचे अर्ज गेले. १४ सप्टेंबर १९९४ रोजी युरोपात पेटंट मंजूर झाले. मालक दोन, अमेरिकेचे शेतीखाते आणि ग्रेस कंपनी.

दाव्याचे शब्द नीट पाहावेत असे आहेत. अशा रीतीने काढलेले निंबोळीचे तेल ०.१ ते १० टक्के, तेल पाण्यात मिसळून धरणारा साबणासारखा पदार्थ ०.००५ ते ५ टक्के, आणि बाकी पाणी, असे मिश्रण बुरशीला लावून ती आवरण्याची पद्धत. ज्याने कधी पंपाने फवारणी केली आहे त्याला ह्यात काही गूढ वाटणार नाही. पण प्रतिपक्षाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. कडुनिंबाचे जे गुण जगाला माहीत होते ते बहुतेक कीडनाशाचे होते आणि त्यांचे श्रेय अझाडिरॅक्टिनला जात होते. ते वगळलेल्या तेलाने बुरशी मरते ही गोष्ट आम्ही नव्याने दाखविली, हे अर्जदारांचे म्हणणे सर्वस्वी पोकळ नव्हते. दातवण, गोवर आणि कणगीतला पाला ह्यांनी त्याला उत्तर मिळत नव्हते.

बुरशीविषयीचे काम आपल्याकडेही झाले होते. बनारस हिंदू विद्यापीठाचे प्राध्यापक उदय प्रताप सिंह व त्यांचे सहकारी ह्यांनी हरभऱ्याला मातीतून लागणाऱ्या बुरशींवर कडुनिंबाच्या अर्कांचा काय परिणाम होतो ह्याचा अभ्यास करून तो १९८० साली 'मायकोलॉजिया' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. हे नियतकालिक अमेरिकेतलेच. म्हणजे अर्ज होण्याच्या नऊ वर्षे आधी अर्जदारांच्या देशातच कडुनिंब आणि बुरशी ही जोडी छापून झाली होती. तथापि मातीतील बुरशी वेगळी, पानावरील फवारणी वेगळी, आणि पेटंटाचे वकील अशा फरकांवरच तर जगतात.

जून १९९५ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयात तिघांनी हरकत नोंदविली: युरोपीय संसदेतील ग्रीन गटाच्या बेल्जियन नेत्या मागदा आलव्होट, डेहराडूनच्या डॉ. वंदना शिवा, आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ. महासंघाच्या वतीने लिंडा बुलार्ड पुढे होत्या. त्यांचे वकीलपत्र बाझेल विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक फ्रिट्झ डोल्डर ह्यांनी घेतले. तिघांचीही मूळ तक्रार नैतिक होती: गरीब देशांतील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान श्रीमंत देशाने आपल्या नावावर करून घेऊ नये. धर्मगुरू म्हणून मला ही तक्रार मोलाची वाटते. परंतु पेटंट कार्यालय हे नीतीचे न्यायपीठ नव्हे. तिथे मुख्य प्रश्न दोनच: ही गोष्ट अर्जाच्या तारखेला नवी होती काय, आणि त्या विषयातील जाणकाराला ती सहज सुचण्याजोगी नव्हती काय?

इथे युरोपचा कायदा हरकत घेणाऱ्यांच्या बाजूने एका महत्त्वाच्या बाबतीत उभा होता. युरोपीय पेटंट कराराप्रमाणे अर्जापूर्वी जगात कोठेही, लिहून, बोलून अथवा वापरून जे लोकांपुढे आले असेल ते 'नवे' राहत नाही. अमेरिकेत तसे नव्हते. तेथील तेव्हाच्या कायद्यात परदेशातील छापील मजकूर चालत असे, पण परदेशात नुसता वापर झाला असेल तर तो मोजला जात नसे. एखादी पद्धत सांगलीच्या शेतात शंभर वेळा वापरली गेली असली तरी वॉशिंग्टनच्या लेखी ती घडलेलीच नव्हती. म्युनिकच्या लेखी ती घडली होती, मात्र सिद्ध करावी लागणार होती.

सिद्ध करणे म्हणजे काय? 'आमच्याकडे पूर्वापार वापरतात' एवढ्याने भागत नाही. कोणी, कधी, कोठे, काय, किती आणि कोणासमक्ष, ही उत्तरे लागतात. ती देणारा माणूस महाराष्ट्रातून मिळाला. कडुनिंबापासून शेतीची औषधे तयार करणाऱ्या एका कारखान्याशी संबंधित अभय फडके ह्यांनी प्रतिज्ञापत्र दिले की १९८५ आणि १९८६ मध्ये पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर निंबोळीच्या विद्रावकाने काढलेल्या अर्काच्या फवारणीच्या चाचण्या झाल्या होत्या आणि त्यांत बुरशीवरील परिणाम दिसून आला होता. अमेरिकेतील अर्जाच्या तीन-चार वर्षे आधीची ही गोष्ट. चाचण्या गुप्त नव्हत्या. उघड्या शेतात, शेतकऱ्यांच्या देखत झालेल्या होत्या.

९ आणि १० मे २००० रोजी म्युनिकमध्ये तोंडी सुनावणी झाली. उदय प्रताप सिंहही तेथे गेले होते. पण वजन पडले ते फडके ह्यांच्या साक्षीचे. अर्क कसा काढला, त्यात काय मिसळले, फवारणी कशी केली, हे त्यांनी क्रमाने सांगितले. त्यांची तपासणी-उलटतपासणी झाली. हरकत विभागाने ही साक्ष विश्वसनीय मानली. जे नवे म्हणून नोंदविले गेले ते आधीच महाराष्ट्रातील शेतांत उघडपणे केले गेले होते, असा निष्कर्ष निघाला आणि १० मे रोजी पेटंट रद्द झाले.

हा विजय ज्या पुराव्याने मिळाला त्याविषयी आपल्याकडील वर्तमानपत्रांनी फारसे लिहिले नाही. मथळे होते ते प्राचीन ज्ञानाचे. संस्कृत ग्रंथांचा आणि लोकपरंपरेचा उल्लेख त्या वादात पुष्कळ झाला, आणि वातावरण तयार करण्यात त्याचा उपयोगही झाला असेल. परंतु नवेपणाचा दावा मोडला तो अवघ्या पंधरा वर्षांपूर्वीच्या, एका कारखान्यातल्या माणसाने जबाबदारीने सांगितलेल्या कामाने. हे काम प्राचीन नव्हते. त्यात हेक्झेनच्या जातीची विद्रावके होती, फवारणीचे पंप होते. परंपरेने दिलेल्या झाडावर विसाव्या शतकातल्या मराठी माणसांनी केलेला तो प्रयोग होता. मला तर ह्यात अधिक अभिमान वाटतो.

निकालाने काय झाले नाही हेही सांगितले पाहिजे. ते पेटंट युरोपीय देशांपुरते होते; त्यामुळे भारतातल्या कोणाही शेतकऱ्याला निंबोळीचा अर्क फवारण्यास त्याने कधीच मनाई केली नव्हती. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे शेतीच्या पद्धतीवर येथे पेटंट मिळतही नाही. दुसरे, कडुनिंबावरील इतर अनेक पेटंटे जगात होती, त्यांना ह्या निकालाने धक्का लागला नाही. अमेरिकेत तर लॉक, लॅर्यू आणि वॉल्टर ह्यांना ह्याच तेलाचे पेटंट १९९४ च्या ऑक्टोबरात मिळाले होते. आणि तिसरे, तेलाचा गुण निकालाने वाढला नाही की कमी झाला नाही. ते पानावर पातळ थर धरते आणि बुरशीचे बीजाणू रुजण्याला अडथळा करते. म्हणून भुरी वा तांबेरा दिसू लागताच किंवा त्याआधी फवारले तर उपयोगी पडते. रोग माजल्यावर ते फारसे काही करू शकत नाही, पावसाने धुऊन जाते, आणि कडक उन्हात फवारले तर पानेच भाजतात. कडुनिंबाला सर्व रोगांचा धन्वंतरी समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

पेटंटधारकांनी अपील केले. दरम्यान ग्रेस कंपनीचा हा व्यवसाय १९९६ मध्ये थर्मो ट्रिलॉजी कंपनीकडे गेला होता. ८ मार्च २००५ रोजी म्युनिकच्याच अपील मंडळाने अपील फेटाळले. तो दिवस आंतरराष्ट्रीय महिला दिनाचा होता, आणि लढा पुढे नेणाऱ्या तिघीही स्त्रियाच होत्या, ह्या योगायोगाची तेव्हा बरीच चर्चा झाली. पेटंट टिकले असते तरी त्याची वीस वर्षांची मुदत डिसेंबर २०१० मध्ये संपलीच असती.

ह्या प्रकरणाच्या जोडीला हळदीचे प्रकरण ठेवले म्हणजे फरक उठून दिसतो. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. गोव्यात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. पण अमेरिकेत साक्षीदार उभा करून भागण्यासारखे नव्हते. तिथे जुने ग्रंथ आणि १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख असे छापील पुरावेच पुढे ठेवावे लागले. त्यातून धडा घेऊन २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग ह्यांच्या ग्रंथांतील योग परदेशी भाषांत उतरवून ते पेटंट तपासनिसांना उपलब्ध करून दिले गेले. काम उत्तम आहे, पण त्याचा पाया ग्रंथांचा आहे. जे कोणत्याही ग्रंथात नाही, ते, म्हणजे १९८५ साली सांगलीच्या एखाद्या शेतात झालेली फवारणी, तशा ग्रंथालयात येत नाही.

अमेरिकेने आपला नियम बदलला तो २०११ च्या कायद्याने. १६ मार्च २०१३ पासून दाखल होणाऱ्या अर्जांच्या बाबतीत तेथेही जगात कोठेही झालेला जाहीर वापर पुरावा म्हणून धरला जातो. लॉक, लॅर्यू आणि वॉल्टर ह्यांचा तेलाचा अर्ज तिथे दाखल झाला होता त्याला तोवर तेवीस वर्षे उलटून गेली होती.